तळ्यातल्या हिवाळी कळ्या

मिशिगनमधल्या ट्रॉय गावात आमच्या सबडिव्हिजनच्या, म्हणजे घरांच्या वसाहतीच्या, मागे एक तळं आहे. तळं म्हणजे पावसाचं पाणी रस्त्यांवर साचू नये म्हणून बिल्डरनं खणलेला मोठा खड्डाच. पण कडेनं चालायची वाट आहे, दोन बाकं आहेत, बदकं आपणहून येऊन राहिली आहेत, म्हणून आम्ही त्याला तळं म्हणतो. आमच्या घराची मागची बाजू तळ्याकडे उतरते. आमच्यापासून चार घरं सोडून एक काका राहतात. मूळचे नागपूरचे, इथल्या एका हॉस्पिटलच्या पॅथॉलॉजी लॅबमधून रिटायर झालेले. काकू गेल्यापासून एकटेच असतात. आमच्यातले सगळे त्यांना कमळवाले काका म्हणतात.

त्यांच्या मागच्या अंगणात बुद्धाची दगडी मूर्ती आहे आणि तिच्यासमोर चार मोठ्या काळ्या टबांत कमळं होती. काकूंनी लावलेली. दर ऑक्टोबरला काका ते टब अर्धे रिकामे करून गराजमध्ये न्यायचे, मे महिन्यात बाहेर काढायचे. आषाढी पौर्णिमेच्या सुमारास फुलं यायची. त्या दिवशी ते घरी लोकांना बोलवायचे, वंदना व्हायची, मग जेवण. आमच्या ओळखीतल्या काही मराठी घरांना नेमकी त्याच दिवशी कामं निघायची. मी मात्र दरवर्षी जायचे, आणि आपण जातो याचं मला मनातल्या मनात कौतुकही वाटायचं. हे आधीच सांगून टाकते.

एका वर्षी काकांनी मला कमळाचा एक कंद दिला. मी मोठ्या हौसेनं लाकडी पिंप आणलं, माती घातली, खत घातलं. खत फार झालं. कंद कुजला. काकांना सांगायची लाज वाटली, म्हणून ते विचारायचे तेव्हा मी म्हणायचे, "येतंय हळूहळू."

त्याच जुलैत आम्ही लेक सेंट क्लेअरच्या काठी पिकनिकला गेलो होतो. बोटी उतरवायच्या धक्क्याजवळ उथळ पाण्यात छोटी छोटी पानं तरंगत होती. रुपयाच्या नाण्याएवढी, हृदयाच्या आकाराची, अगदी बाहुलीच्या घरातली कमळं असावीत तशी. मधूनच तीन पाकळ्यांचं पांढरं फूल. दह्याचा डबा रिकामा झाला होता. तो मी विसळला आणि ओंजळभर रोपं त्यात उचलून घेतली. धक्क्यावर एक पाटी होती, तिच्यावर कसल्यातरी वनस्पतींची चित्रं आणि लाल अक्षरांत इशारा होता. मी पाटीला पाठ करून डबा भरला. पाटी दिसलीच नव्हती असं मी पुढे बरेच दिवस स्वतःला सांगत राहिले. ती दिसली होती.

महिन्याभरात पिंप भरून गेलं. मी फोटो काढून आमच्या बायकांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर टाकला. 'वॉव, मिनी लोटस!' असे मेसेज आले. मी कुणाचाही गैरसमज दूर केला नाही.

ऑक्टोबरच्या शेवटी नवरा म्हणाला, "ते पिंप रिकामं कर, नाहीतर पाणी गोठून फुटेल." शनिवारची दुपार होती. एवढं शेवाळलेलं पाणी लॉनवर ओतायचं तर वास येईल, आणि रोपं कचऱ्यात टाकायला जीव होईना. मी बादली घेतली आणि उतारावरून खाली जाऊन तळ्यात ओतली. एक, दोन, तीन. माझी मुलगी तेव्हा दहावीत होती. ती घरामागच्या लाकडी डेकवर उभी राहून बघत होती.

"मॉम, तू हे असंच डम्प करतेयस? इज दॅट अलाउड?"

"अगं, महिन्याभरात सगळं गोठेल. मिशिगनच्या थंडीत माणसाचे हाल होतात, ही एवढीशी पानं काय टिकणार? मरून जातील."

"देन व्हाय नॉट जस्ट थ्रो देम आउट?"

मी चौथी बादली ओतली.

त्या वर्षी थंडी कडक पडली. तळं इतकं घट्ट गोठलं की मुलं त्यावर हॉकी खेळली. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायचे आणि त्या रोपांचा विचारही मनात यायचा नाही. मेमध्ये बदकं परतली. एका रविवारी चालताना काठाशी नजर गेली तर पाण्यावर हिरवे ठिपके. वाकून पाहिलं. नखाएवढी, हृदयाच्या आकाराची पानं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, कुणी फिरायला निघायच्या आत, मी भजी तळायचा मोठा झारा आणि बादली घेऊन खाली गेले आणि मिळतील तेवढी पानं काढली. बादली भरली. कुणाला दिसू नये म्हणून वर झाकण ठेवलं. आठवड्यानं पुन्हा गेले तर तितकीच होती. जूनपर्यंत मी नाद सोडला. वाटलं, आपण काही करायला गेलो आणि कुणी विचारलं तर काय सांगायचं? न दिसल्यासारखं करणं सोपं होतं. जुलैअखेर तळ्याचा आमच्या बाजूचा कोपरा हिरव्या सतरंजीसारखा झाकून गेला होता. पुढच्या उन्हाळ्यात अर्धं तळं गेलं. पाण्याला वास यायला लागला. मासे पकडायला येणारी मुलं गळ टाकून कंटाळली आणि येईनाशी झाली.

तेव्हा घरमालकांच्या असोसिएशनचा ईमेल आला आणि ऑगस्टमध्ये क्लबहाउसमध्ये मीटिंग ठेवली. मी मुलीला घेऊन गेले. माझ्या उजवीकडे मुलगी होती, डावीकडे माझी एक मैत्रीण, पुण्याची, ग्रुपमधलीच. काका पुढच्या रांगेत बसले होते.

असोसिएशनची प्रेसिडेंट गोरी बाई, सौम्य बोलणारी. ती म्हणाली की अशी झाडं आपोआप येत नाहीत, बहुतेक कुणाच्या तरी अंगणातून येतात, तर इथे पाणवनस्पती कुणी ठेवतं का? माना वळल्या. एकेक करून सगळ्यांनी काकांकडे पाहिलं.

काका उठून उभे राहिले. त्यांनी शांतपणे इंग्रजीत सांगितलं की त्यांच्याकडे कमळं आहेत, ती टबात आहेत, टबातलं पाणी ते बागेतल्या झाडांनाच घालतात, आणि तळ्यात जे आहे ते कमळ नाही. प्रेसिडेंट म्हणाली, कुणावर आरोप नाही, पण चौकशी होईपर्यंत खबरदारी म्हणून ते टब काढून टाकता येतील का? काका मग "ओके" म्हणून खाली बसले.

माझ्या मैत्रिणीनं माझ्या कानाशी वाकून मराठीत म्हटलं, "यांचंच असणार गं. ह्या लोकांचं सगळं तसंच. ती मूर्ती, ते कार्यक्रम, आणि आता हे."

'ह्या लोकांचं' म्हणजे काय ते मला कळलं. मराठी माणसाला ते सांगावं लागत नाही. आणि मी मान हलवली. हो म्हणून. वर थोडं हसलेसुद्धा. मला त्या क्षणी जे वाटलं ते सुटकेसारखं होतं, आणि ते आठवलं की आजही माझे कान तापतात.

मुलगी फोनमध्ये बघत होती. तिनं मान वर केली, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा फोनमध्ये घातली.

त्या शनिवारी काकांचा फोन आला. "बेटा, थोडी मदत पाहिजे होती. टब हलत नाहीत एकट्याला. कंबर धरून राहिली आहे."

मी गेले. नाही म्हणायला कुठलं तोंड होतं? काकांनी मगानं पाणी उपसून ठेवलं होतं. दोन टबांत फुलं होती, एकात उमलायच्या बेतातली कळी. आम्ही दोघांनी एकेक टब कलता करून चिखल ताडपत्रीवर ओतला. काकांनी हातानं चाचपत कंद शोधले, पुसले, आणि एकेक करून काळ्या कचऱ्याच्या पिशवीत टाकले. सगळं पिशवीत बांधून कचऱ्यात द्यायचं असं असोसिएशननं लिहून कळवलं होतं. मी पिशवीचं तोंड उघडून धरलं होतं.

"हिनं ओहायोतल्या एका नर्सरीतून आणला होता पहिला," काका म्हणाले. "गाडीत मांडीवर धरून बसली होती."

मग म्हणाले, "तुझा कसा आहे गं?"

"माझा गेला, काका," मी म्हणाले. दोन वर्षांनी एवढी एक गोष्ट खरी बोलले.

"सांगायचं की मला! दुसरा दिला असता."

कळीचं देठ मोडून त्यांनी ती मला दिली, पाण्यात ठेव म्हणाले. मी ती घरी आणली. ती उमललीच नाही, तीन दिवसांत काळी पडली.

कमळं गेली, पण काका स्वस्थ बसले नाहीत. आयुष्यभर मायक्रोस्कोपखाली बघून नेमकं काय आहे ते लिहून देणारा माणूस. सप्टेंबरमध्ये मी त्यांना रोज तळ्याच्या काठी बघायचे, रबरी बूट घालून, हातात काचेची बरणी. ऑक्टोबरच्या एका दुपारी त्यांनी मला हाक मारली.

"इकडे ये, मजा दाखवतो तुला."

अंगणातल्या टेबलावर पांढऱ्या ट्रेमध्ये ती रोपं पसरली होती. आतापर्यंत पानं पिवळी पडली होती, कडा कुजल्या होत्या. मरणारं रोप दिसतं तसंच. काकांनी चिमट्यानं एक लांब दोरा उचलला. त्याच्या टोकाला गव्हाच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, घट्ट मिटलेली हिरवी कळी होती.

"याला फ्रॉगबिट म्हणतात. आणि ही पाहिली? ही फुलाची कळी नाही. ही हिवाळ्याची कळी. दिवस लहान व्हायला लागले की रोप स्वतःचं सगळं पीठ, म्हणजे स्टार्च, हिच्यात भरून ठेवतं. त्यानं ही जड होते. मग तुटते आणि तळाला जाऊन बसते. वर पानं कुजून जातात, आपल्याला वाटतं मेलं."

"पण तळं तर गोठतं, काका."

"वरचं गोठतं. खाली चिखलाशी पाणी राहतं ना. मासे कसे जगतात? ही तिथे झोपून राहते, चार महिने, पाच महिने. एप्रिलमध्ये बर्फ वितळला, ऊन तळापर्यंत पोचलं, की ही जागी होते. हिच्या आत हवेचे बुडबुडे धरतात, हलकी होते आणि आपोआप वर येते. वर येऊन पान उघडते." त्यांनी कळी माझ्या तळहातावर ठेवली. "एकेका रोपाला कितीतरी येतात. मी एकाच्या मोजायला लागलो आणि सोडून दिलं."

चौथी बादली ओतली तोसुद्धा ऑक्टोबरच होता. त्या बादल्यांमध्ये पिवळी पानं होती आणि तळाशी हिरवे दाणे होते. ते बी असावं असं वाटून मी बादली पुन्हा एकदा विसळून तळ्यात ओतली होती.

काका म्हणाले, "ज्यानं कुणी टाकलं ना, त्याला वाटलं असेल थंडीनं मरेल. मुद्दाम कोण करतं? कुणी करत नाही."

तिथे बोलायला हवं होतं. याहून सोपं मला कुणीच करून दिलं नसतं. मी ती कळी ट्रेमध्ये परत ठेवली, "इंटरेस्टिंग आहे, काका" म्हणाले आणि मुलीला घ्यायला जायचं आहे असं सांगून निघून आले. मुलगी घरातच होती.

ती स्वयंपाकघरात सीरियल खात बसली होती. "डिड यू टेल हिम?"

"काय?"

"मॉम. आय वॉज ऑन द डेक."

"माझ्या एकटीमुळे झालं असेल कशावरून? बदकांच्या पायांना चिकटूनही येतात अशी झाडं."

तिनं वाटी सिंकमध्ये ठेवली. रागावली नव्हती, तेच वाईट होतं. "मी कुणाला काही सांगणार नाहीये. डोंट वरी. बट ही थिंक्स यू आर नाइस," ती म्हणाली, आणि वर निघून गेली.

तरीही मला जायला आठ दिवस लागले. मी दुपारी गेले. काकांनी नेहमीसारखं दार उघडून "ये ये" म्हटलं, चहा टाकला. मी चहा होऊ दिला नाही. ओट्याशी उभ्या उभ्याच सांगितलं. पिकनिक, दह्याचा डबा, पाटी, पिंप, बादल्या. सांगताना माझा आवाज मला चिडल्यासारखा ऐकू येत होता.

काकांनी गॅस बंद केला. आधी त्यांनी लॅबमधल्यासारखे प्रश्न विचारले. कुठून आणलं, कुठल्या महिन्यात ओतलं, कुठल्या कोपऱ्यात. मी उत्तरं दिली. मग ते खुर्चीवर बसले.

"मीटिंगच्या दिवशी तू होतीस ना?"

"हो."

"आणि टब उचलायला मीच तुला बोलावलं."

"हो, काका."

मी माफ करा म्हणाले, दोनदा म्हणाले. त्यांनी 'असू दे' म्हटलं नाही. मी त्याची वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं.

"नोकरीत एखाद्या सॅम्पलची अदलाबदल झाली की सगळे पहिल्यांदा माझ्याकडे बघायचे," ते शेवटी म्हणाले. "गावाकडे असताना तर विचारूच नको. लोकांनी वळून पाहिलं त्याचं मला नवीन काही नाही. पण मी त्या दिवशी मागे वळून पाहिलं होतं, तू दिसलीस. मला बरं वाटलं होतं, की आपलं कुणीतरी बसलं आहे."

मी रडायला लागले. त्यांनी टिश्यूचा डबा सरकवला, पण उठले नाहीत.

"मला सांगून काय होणार? असोसिएशनच्या बोर्डाला लिही. सगळ्यांना जाईल असं लिही."

मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात 'चुकून' असा शब्द होता, तो काढला. काकांचा तळ्याशी काही संबंध नव्हता आणि मीटिंगमध्ये मी माहीत असून गप्प बसले, हे वाक्य लिहायला एक संध्याकाळ लागली. पाठवल्यावर अर्ध्या तासात मैत्रिणीचा फोन. "कशाला लिहिलंस यार? विषय मिटला होता." कुणासाठी मिटला होता, असं मी विचारलं. ती म्हणाली, तू फार इमोशनल होतेस. तिच्याशी बोलणं हळूहळू कमी झालं. पण दोष तिच्यावर टाकून मोकळी व्हायला मला जमत नाही. ती बोलली, मी मान हलवली. आणि त्या मान हलवण्याचं मी काकांना सांगितलेलं नाही. बाकी सगळं सांगितलं, तेवढंच राहिलं. त्यांना आणखी का दुखवायचं असं कारण मी स्वतःला देते.

बोर्डानं काकांना दोन ओळींचं पत्र पाठवलं: झाल्या गैरसमजाबद्दल खेद आहे, टब पुन्हा ठेवायला हरकत नाही. मे महिन्यात काकांनी टब पुन्हा बाहेर काढले, त्यांत मेथी आणि टोमॅटो लावले. मी ओहायोतल्या त्या नर्सरीतून कंद आणून देऊ का, असं विचारलं, तर म्हणाले, "नको. आता नको." आषाढी पौर्णिमेला त्यांनी मला बोलावणं पाठवलं. मी गेले. मूर्तीपुढे दुकानातली शेवंतीची फुलं होती.

त्याआधी वसंतात राज्याच्या पर्यावरण खात्यातली एक बाई तळं बघायला आली. तिनं सांगितलं की रोपं हातानं काढायची, जूनमध्ये, नव्या हिवाळी कळ्या धरायच्या आत. आणि एका वर्षात संपणार नाही, राहिलेल्या कळ्या चिखलातून येत राहतील. तेव्हापासून दर जूनला मी छातीपर्यंतचा रबरी सूट घालून तळ्यात उतरते. पहिल्या वर्षी नवरा आला, मुलगी आली. मुलगी आता कॉलेजला बाहेरगावी असते. काका कधी कधी काठावरच्या बाकावर येऊन बसतात आणि लांबून दाखवतात, "तिकडे, लव्हाळ्याच्या मागे राहिलं बघ." एवढंच बोलतात, पण येतात.

यंदा चौथा जून. पानं कमी आहेत, तरी आहेत. परवा मी कमरेएवढ्या पाण्यात उभी होते, तर सबडिव्हिजनमध्ये नवीन राहायला आलेलं एक जोडपं बाळाचा स्ट्रोलर घेऊन वाटेवर थांबलं. बाईनं विचारलं, हे काय काढताय? मी सांगितलं, बाहेरून आलेलं झाड आहे, तळं खाऊन टाकतं. "इथे आलं कसं?" तिनं विचारलं.

"समबडी डम्प्ड इट," मी म्हणाले.

तोंडातून सहज निघालं. ती दोघं "सो सॅड" म्हणून पुढे गेली. मी दोन-तीन पानं काढली. मग चिखलातून पाय उपसत काठाकडे आले आणि मोठ्यानं "एक्स्क्यूज मी!" म्हणून ओरडले. ते दचकून वळले.

"मी टाकलं होतं," मी इंग्रजीत म्हणाले. "मीच टाकलं होतं ते."

नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं. मग "ओके. वेल, गुड लक," असं म्हणून त्यानं स्ट्रोलर पुढे ढकलला, आणि मी बादली घेऊन पुन्हा पाण्यात गेले.